देर्ना: धरणं फुटली, शहर वाहून गेलं, आता बांधतंय कोण?

मांडवीकाठ (धागाकर्ता, पणजी)

सप्टेंबर आला की लिबियातल्या देर्ना शहराबद्दल एखाद-दुसरी बातमी येते आणि विरून जाते. मराठीत सलग काही वाचायला मिळालं नाही, म्हणून हा धागा. गोव्यात बसून लिबियाची चिंता कशाला, असं कुणी विचारेल. आपणही धरणांच्या आणि बांधांच्या खाली राहणारी माणसं आहोत, एवढं कारण मला पुरेसं वाटतं.

आधी काय झालं ते. १० सप्टेंबर २०२३ ला 'डॅनिएल' हे वादळ ग्रीसला झोडपून लिबियाच्या किनाऱ्यावर आलं. देर्नाच्या पश्चिमेला अल बायदा आहे, तिथं २४ तासांत ४१४ मिलिमीटर पाऊस झाला. आपल्या वाळपईला एका दिवसात एवढा पडला तरी हाहाकार होईल. तिथं तर वर्षाच्या पावसाचा मोठा हिस्सा एका दिवसात कोसळला. देर्ना शहराच्या मधोमध एक नदी आहे, वर्षातला बराच काळ कोरडी. तिला वादी देर्ना म्हणतात. शहर दोन्ही काठांवर आणि थेट मुखापर्यंत वसलेलं. १९४१, १९५९, १९६८ अशा सालांत तिनं पूर आणले होते. म्हणून सत्तरच्या दशकात युगोस्लाव्हियातल्या एका कंपनीकडून दोन धरणं बांधून घेतली. वरचं अबू मन्सूर, शहरापासून साधारण १३ किलोमीटरवर, आणि खालचं अल बिलाद, शहराच्या अगदी डोक्यावर.

वरच्या धरणाची क्षमता सव्वादोन कोटी घनमीटर, खालच्याची पंधरा लाख. आपलं अंजुणे धरण अबू मन्सूरच्या साधारण दुप्पट आहे आणि साळावली दहापट. म्हणजे आपल्या मापानं ही लहान धरणं. पण वरचं फुटल्यावर ते सगळं पाणी, दगड-मातीसकट, खालच्या धरणावर आलं आणि तेही टिकलं नाही. ११ सप्टेंबरच्या पहाटे अडीच-तीनचा सुमार. लोक झोपेत. बहुमजली इमारती माणसांसह समुद्रात गेल्या, शहराचे दोन भाग जोडणारे पूल गेले, आणि पुढे कित्येक दिवस समुद्र मृतदेह किनाऱ्यावर आणून टाकत होता.

जानेवारी २०२४ मध्ये जागतिक बँक, संयुक्त राष्ट्रसंघ आणि युरोपीय संघाचा एकत्र अहवाल आला. त्यात नक्की झालेले मृत्यू ४,३५२, बेपत्ता ८,०००, विस्थापित ४४,८००, आणि पुनर्बांधणीचा खर्च १८० कोटी डॉलर. नक्की झालेल्या मृत्यूंपेक्षा बेपत्ता लोकांचा आकडा जवळजवळ दुप्पट आहे. हे वाचून मी बराच वेळ पुढे सरकू शकलो नाही.

धरणं अचानक फुटली नाहीत. १९८६ च्या वादळात त्यांना इजा झाली होती, १९९८ च्या पाहणीत भेगा नोंदवल्या गेल्या. २००७ मध्ये एका तुर्की कंपनीला दुरुस्तीचं काम दिलं, ते सुरू झालं २०१० च्या ऑक्टोबरात, आणि काही महिन्यांत गद्दाफीविरुद्धचा उठाव पेटला. यंत्रं तिथंच टाकून कामगार परत गेले. पुढच्या दोन वर्षांत दुरुस्तीसाठी मंजूर झालेले वीस लाख युरोपेक्षा जास्त पैसे खर्चच झाले नाहीत, असं लिबियाच्याच लेखापरीक्षकांनी २०२१ मध्ये लिहून ठेवलं. २०२२ मध्ये तिथल्याच ओमर अल मुख्तार विद्यापीठातल्या एका अभियंत्याने शोधनिबंधात स्पष्ट म्हटलं, की मोठा पूर आला तर परिणाम भयंकर होतील, धरणांची देखभाल तातडीनं करा.

आता माझा खरा प्रश्न. युद्धानं पोखरलेलं शहर आपत्तीनंतर 'सावरलं' असं कधी म्हणायचं? नवे पूल झाले की? घरं मिळाली की? की धरणाची किल्ली कुणाकडे आहे आणि तो कुणाला उत्तर देतो, हे शहराला कळलं की?

---

रानवारा (वाळपई)

उत्तम लेख. एक शंका. लिबियात दोन सरकारं आहेत म्हणतात, मग देर्ना कुणाच्या ताब्यात होतं? आणि तिथं आयसिस होती ना?

---

मांडवीकाठ

@रानवारा, होय. एक सरकार पश्चिमेला त्रिपोलीत, जगाची मान्यता असलेलं. दुसरं पूर्वेला, त्याच्यामागे खलिफा हफ्तार यांचं सैन्य. देर्ना पूर्वेत येतं. २०१४ मध्ये आयसिसने शहरात पाय रोवले, २०१५-१६ मध्ये तिथल्याच सशस्त्र गटांनी त्यांना हुसकावलं. मग हफ्तारच्या सैन्याने शहराची नाकेबंदी केली आणि २०१८ मध्ये आत घुसून शहर घेतलं. म्हणजे पूर येण्याआधीची दहा-बारा वर्षं या शहराने एकामागून एक बंदूकधारी मालक पाहिले. कुठल्याच मालकाला धरणाच्या भेगा बुजवायची निकड वाटली नाही, कारण धरणामुळे शहर जिंकता येत नाही.

वादळाच्या रात्रीचं एक सांगतो. समुद्र खवळेल म्हणून किनाऱ्याजवळच्या लोकांना हलवायच्या सूचना होत्या. दुसऱ्या बाजूनं संचारबंदी लावली होती, घराबाहेर पडू नका. कुणाचं ऐकायचं? जागतिक हवामान संघटनेचे तेव्हाचे प्रमुख पेटेरी तालास नंतर म्हणाले, की हवामान खातं धड चालत असतं तर बहुतेक जीव वाचले असते.

---

दर्यावर्दी (पेडणे)

मी व्यापारी जहाजांवर नोकरी करून निवृत्त झालो. गॅसवाहू जहाज घेऊन सुमात्राच्या उत्तर टोकाला लोकसेउमावे बंदरात जायचो. आचे प्रांतातला हा भाग. तिथला गॅस जपानला जायचा आणि गावं मात्र गरीबच. त्यावरूनच १९७६ मध्ये 'गाम' ही स्वातंत्र्यवादी संघटना उभी राहिली. आम्हाला किनाऱ्यावर उतरायची मुभा नसे. धक्क्यावर सैनिक, कुंपणाबाहेर सैनिक. मे २००३ मध्ये तर तिथं लष्करी कायदा लागू झाला.

२६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली ती या असल्या प्रदेशावर. एकट्या आचेत १,६०,००० च्या वर माणसं गेली. बंदा आचे शहरात वीजनिर्मितीचं अडीच हजार टनांहून जड तरंगतं जहाज समुद्रापासून दोन-तीन किलोमीटर आत येऊन वस्तीत बसलं. अजून तिथंच आहे. लोक बघायला जातात.

मांडवीकाठ, तुमच्या प्रश्नाला आचेचं उत्तर माझ्या मते असं आहे. तिथं बांधकामाबरोबर बंदूक खाली ठेवली गेली. १५ ऑगस्ट २००५ ला हेलसिंकीत करार झाला, फिनलंडचे माजी राष्ट्राध्यक्ष मार्टी अह्तिसारी मध्यस्थ होते. वर्ष संपायच्या आत 'गाम'ने ८४० शस्त्रं जमा केली आणि इंडोनेशियाने जादा सैन्य मागे घेतलं. पुनर्बांधणीसाठी 'बीआरआर' नावाची वेगळी संस्था काढली, कुंतोरो मांगकुसुब्रोतो तिचे प्रमुख. चार वर्षांची मुदत दिली होती, २००९ मध्ये ती खरोखर बंद केली. तोवर सुमारे १,४०,००० घरं उभी राहिली होती. त्सुनामीच्या दिवशी बंदा आचेच्या तुरुंगात असलेला 'गाम'चा माणूस, इरवांदी युसूफ, पाण्यामुळे तुरुंग फुटला म्हणून वाचला, आणि दोन वर्षांनी निवडणूक जिंकून त्याच प्रांताचा गव्हर्नर झाला! पुढे तोच लाचखोरीत अडकला आणि परत तुरुंगात गेला, हेही सांगायला हवं.

---

अनघा_डिचोली

दर्यावर्दीकाका, प्रतिसाद फार आवडला. एक भर घालते. आचेत त्सुनामीग्रस्तांसाठी अख्ख्या जगाचा पैसा आला, पण डोंगरातल्या ज्या गावांची घरं तीस वर्षांच्या लढाईत जळाली होती त्यांना त्या मानानं फार थोडं मिळालं. लाटेनं गेलेल्या घराला मदत आहे, सैन्यानं जाळलेल्या घराला नाही. दोन कुटुंबं शेजारी, दोन्ही बेघर. शांतता टिकली त्यात त्या दुसऱ्या कुटुंबाच्या सोसण्याचाही वाटा आहे.

श्रीलंकेचं उदाहरणही इथं लागेल. तीच त्सुनामी, ३५,००० च्या आसपास बळी, आणि तिथंही युद्ध. सरकार आणि एलटीटीई (स्वतंत्र तमिळ राज्यासाठी लढणारी संघटना) यांनी मदतवाटपाचा संयुक्त करार जून २००५ मध्ये केला. सरकारातला एक पक्ष बाहेर पडला, जुलैत सर्वोच्च न्यायालयाने करारातल्या मुख्य तरतुदी स्थगित केल्या, आणि पुढच्याच वर्षी युद्ध पुन्हा भडकलं. मुल्लैतिवूसारख्या किनारी गावांवर पाच वर्षांत दोनदा सगळं गमवायची वेळ आली, एकदा लाटेनं, एकदा तोफांनी.

आणि गोवेकरांनी लक्ष द्यावं अशी गोष्ट. त्सुनामीनंतर श्रीलंकेने किनाऱ्यापासून शंभर मीटर, उत्तर-पूर्वेत दोनशे मीटर, घरं बांधायला बंदी केली. सुरक्षेसाठी म्हणून. मच्छीमारांना आत हलवायला निघाले आणि हॉटेलांना सवलत. रापणकाराला होडी डोळ्यासमोर लागते, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागणार नाही.

---

फोंडेकर

सगळ्यांचे मुद्दे मान्य, तरी वेगळं मत मांडतो. मी बांधकामात आहे. देर्नात हफ्तार यांचा मुलगा बेलकासेम याच्या हाताखाली पुनर्बांधणी निधी आहे आणि पूल, रस्ते, घरं भराभर उभी राहिली. इतकी वर्षं भांडणाऱ्या दोन सरकारांना जे जमलं नसतं ते एका हातात सत्ता आल्यामुळे झालं. तंबूत राहणाऱ्या बाईला छप्पर हवं असतं, सल्लामसलत नव्हे. आधी छप्पर द्या, बाकीचं मागाहून.

---

मांडवीकाठ

फोंडेकर, छपराची निकड मला पूर्ण मान्य आहे आणि पूल झाले त्याचा आनंदच आहे. पण 'बाकीचं मागाहून' हे देर्नाच्या लोकांनी आधीही ऐकलं होतं. धरणाच्या दुरुस्तीलाही मागाहूनच म्हटलं होतं.

पुरानंतर आठवड्याभरात, १८ सप्टेंबरला, हजारो लोक सहाबा मशिदीसमोर जमले. मशिदीभोवतीची वस्ती धुऊन गेली होती. त्यांची मागणी होती चौकशीची आणि जबाबदारांना शिक्षेची. त्या रात्री महापौरांचं घर जाळलं गेलं, दुसऱ्या दिवशी शहराचा फोन-इंटरनेट बंद झाला, पत्रकारांना शहर सोडायला सांगितलं. जुलै २०२४ मध्ये न्यायालयाने धरणं आणि जलसंपत्ती सांभाळणाऱ्या बारा आजी-माजी अधिकाऱ्यांना ९ ते २७ वर्षांच्या शिक्षा सुनावल्या. आता तुम्हीच सांगा, ज्या शहरात बापाचं सैन्य, मुलाचा निधी, आणि प्रश्न विचारणारा गप्प, तिथं पुढच्या धरणाला भेग पडली तर ती कोण सांगणार? आणि सांगून कुणाला?

---

जुना_तलाठी (काणकोण)

मी महसूल खात्यात आयुष्य घालवलं, म्हणून कागदांविषयी बोलतो. पुरानंतर पहिल्यांदा हरवते ती हद्द. देर्नात नदीकाठच्या वस्तीत जमिनीवर नुसता गाळ उरला. कोपऱ्यातला दगड नाही, भिंत नाही, शेजारीही नाही. माझं घर इथं होतं, हे सिद्ध कसं करायचं?

बंदा आचेत हेच झालं. भूमी नोंदणी कार्यालयाचे कागद चिखलात बुडाले. कुजू नयेत म्हणून ते गोठवून जाकार्ताला नेले आणि जपानी तज्ज्ञांच्या मदतीनं हळूहळू सुकवले. तोवर गावागावात वाचलेले लोक एकत्र बसले, कुणाचं अंगण कुठं संपत होतं ते आठवून नकाशे काढले, आणि शेजाऱ्यांच्या सह्यांनी ते पक्के केले. एका अख्ख्या गावाची स्मरणशक्ती एक-चौदाच्या (जमिनीच्या नोंदीच्या) उताऱ्याच्या जागी वापरली गेली. नोकरीत असताना कुणी असं सुचवलं असतं तर माझ्या वरिष्ठांनी फाईल परत पाठवली असती. पण तिथं ते चाललं, आणि मला त्यात फार शहाणपण दिसतं.

तरी एक वर्ग सुटला. ज्यांच्या नावावर जमीन नव्हती, भाड्यानं राहत होते, त्यांना सुरुवातीला घरच नव्हतं. मालकाला घर, भाडेकरूला रोख मदतीचं आश्वासन. बराच आरडाओरडा झाल्यावर धोरण बदललं. आपल्याकडे भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेत घर करून राहणाऱ्या मुंडकारांसाठी १९७५ चा मुंडकार कायदा आहे. तरी अजून किती मुंडकारांची नोंदणी मामलेदाराकडे पडून आहे, ते ज्याचं त्याला ठाऊक. उद्या असा पूर आला तर पंचनाम्यात घर कुणाच्या नावे लिहिणार? भाटकाराच्या की त्यात राहणाऱ्याच्या? माझी कळकळीची विनंती, ज्यांचं प्रकरण अडकलंय त्यांनी ते तडीस न्या. घरपट्टीची पावती, वीजबिल, जुना रेशनकार्डाचा कागद, सगळ्याच्या प्रती गावाबाहेरच्या नातलगाकडे ठेवा.

---

रानवारा

तलाठीकाका, प्रतिसाद जपून ठेवला. आमच्या वाड्यावर आजच चार घरांत सांगितलं.

परप्रांतीयांचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. देर्नात इजिप्तमधले कामगार मोठ्या संख्येनं होते. बेनी सुएफ भागातल्या एल शरीफ नावाच्या एकाच गावातले सत्तरहून जास्त पुरुष त्या रात्री गेले. बांधकामावर राबायला गेलेली माणसं, नदीकाठी स्वस्तात खोली मिळाली म्हणून तिथं राहिलेली. आपल्याही नदीकाठच्या आणि डोंगरउताराच्या भाड्याच्या खोल्यांत कोण राहतं, ते आठवा. त्यांची नावं कुठल्या यादीत आहेत?

---

खाजनवाट (तिसवाडी)

मी बेटावरचा. आमच्याकडे धरण नाही, बांध आहे. देर्नाचं वाचताना मला सतत तोच दिसत होता, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

खाजन म्हणजे खाडीकाठची, भरतीचं पाणी अडवून केलेली सखल शेती. तिचा बांध म्हणजे बाहेरून जांभ्याचे दगड, आत खाडीचा चिकट चिखल. तो फुटतो लाटेनं, असं बाहेरच्याला वाटतं. पण बहुतेक वेळा सुरुवात कुर्लीच्या (खेकड्याच्या) बिळापासून होते. ओहोटीला बांधावरून चालत गेलं की आतल्या अंगाला बोटभर ओलावा दिसतो. तिथं त्याच दिवशी टोपलीभर चिखल घालून चोपला तर काम संपलं. नाही घातला तर अमावास्येची भरती त्या बिळातून आत येते, पुनवेला बीळ हाताएवढं होतं, आणि मग एका रात्री चार-पाच मीटरचा बांध जातो. खारं पाणी एकदा शेतात बसलं की दोन-तीन पावसाळे भात नीट होत नाही.

पूर्वी गावकरी, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था, तिच्यातर्फे बांधावर माणूस नेमलेला असायचा. मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराची, फळी कुजली का, भरतीला आपोआप मिटते का, ते तो रोज बघायचा. १९६४ च्या कुळकायद्यानंतर जमीन कसणाऱ्याकडे आली, ते न्याय्यच झालं, आणि बांधाची जबाबदारी कुळांच्या संघटनेकडे आली. पण बऱ्याच ठिकाणी शेती सुटली, उत्पन्न राहिलं ते मानशीतल्या मासळीच्या पावणीचं (लिलावाचं). मासळीसाठी दार जास्त वेळ उघडं ठेवणं फायद्याचं, शेतासाठी बंद ठेवणं. बांध फुटला की कुळ संघटना सरकारकडे बोट दाखवते, सरकार संघटनेकडे, आणि पाणी मध्येच उभं.

लिबियात पैसा नव्हता असं नाही. आफ्रिकेतला सगळ्यात मोठा तेलसाठा त्या देशात आहे. त्यांच्याकडे नव्हता तो रोज बांधावरून चालत जाणारा माणूस.

---

दर्यावर्दी

खाजनवाट, अगदी बरोबर. जहाजावरही गंज रोज खरवडतात, वादळ आल्यावर नाही.

---

साळवासी

मी डिचोली तालुक्यातल्या साळचा. ऑगस्ट २०१९ मध्ये तिळारी धरणाचं पाणी आमच्या गावात भरलं होतं, शापोरा नदीच्या काठानं पेडण्यातल्या इब्रामपूर, हणखणे भागातही. आम्ही भाताच्या कणग्या माळ्यावर चढवल्या, म्हातारीला खांद्यावर घेऊन देवळाकडे आणलं. सगळं गाव देवळाच्या सभामंडपात. जीव वाचले कारण पाणी दिवसाउजेडी चढलं आणि हळू चढलं. देर्नात रात्री तीनला आलं. माझं दोन्हीतल्या फरकावर बोट आहे. तिळारी महाराष्ट्रात, पाणी गोव्यात. दोन राज्यांत युद्ध नाही, देवाची कृपा. पण निरोप एका राज्यातून दुसऱ्या राज्यातल्या गावाच्या शेवटच्या घरापर्यंत किती वेळात पोचतो, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

---

अनघा_डिचोली

साळवासीदादा, हे विचारायचा हक्क कायद्यानं दिलेला आहे. धरण सुरक्षा कायदा, २०२१. पंधरा मीटरपेक्षा उंच धरणं त्यात येतात. जुन्या धरणांच्या मालकांनी कायदा लागू झाल्यापासून पाच वर्षांत आपत्कालीन कृती आराखडा करायचा आहे. कायदा लागू झाला ३० डिसेंबर २०२१ ला. धरण फुटलं किंवा एकदम पाणी सोडावं लागलं तर कुठवर भरेल त्याचे नकाशे, कुणाला कसं कळवायचं, हे सगळं आराखड्यात यायला हवं. ग्रामसभेत मागता येईल, माहिती अधिकारातही मागता येईल.

---

फोंडेकर

वरचे प्रतिसाद वाचून माझं मत थोडं हललं. छप्पर आधी, यावर मी अजून ठाम आहे. पण छप्पर बांधणाऱ्यालाच त्याचा हिशोब तपासू द्यायचा नाही, हे पटलं. माहिती अधिकाराच्या अर्जाला तांत्रिक भाषा लागेल, विसर्ग, सांडवा, पूररेषा वगैरे. ती मी बघतो.

---

मांडवीकाठ

आभार. मग असं करू. तिळारी, अंजुणे, आमठाणे आणि साळावली, चारही धरणांसाठी एकच मसुदा करू. त्यात तीन गोष्टी मागायच्या: आराखडा झाला आहे का, पूरनकाशात कुठली गावं आणि वाडे येतात, आणि पाणी सोडण्याआधी निरोप कुणी कुणाला द्यायचा. तिळारीचा अर्ज महाराष्ट्रातही द्यावा लागेल, दोडामार्गकडचं कुणी वाचत असेल तर हात वर करा. मसुदा रविवारपर्यंत इथेच टाकतो.

---

रानवारा

अंजुणेचा अर्ज मी देतो. वाळवंटीच्या काठचे साखळीतले दोन मित्रही तयार आहेत.

---

साळवासी

आमच्या पुढच्या ग्रामसभेत विषय घ्यायला पत्र आजच देतो. तलाठीकाका, नकाशात वाड्यांची नावं कशी लिहून मागायची ते जरा सांगा. आमच्या नदीकाठच्या वाड्याचं नाव सर्व्हे नकाशात वेगळंच आहे.

---

जुना_तलाठी

नावावर जाऊ नका, सर्व्हे नंबर लिहा. वाड्यातल्या चार कोपऱ्यांच्या घरांचे नंबर काढून पाठवा, मी ओळ लिहून देतो.